आधी न्यूट्रल बघा

नांदेडच्या श्रीनगर भागातलं दुमजली घर. हॉलमधल्या मोठ्या बोर्डाची प्लेट उतरवून ठेवली आहे आणि भिंतीतल्या पत्र्याच्या डबीतून वायरींचा झुबका बाहेर लोंबतो आहे. लाल, काळ्या, हिरव्या आणि मधेच एक पिवळी. वायरमनच्या खिशात काड्यापेटीएवढं पांढरं मॉड्यूल आहे. ते या बटणांच्या मागे बसलं की हॉलचे दिवे मोबाईलवरून लागतील, ठरल्या वेळी आपोआप बंद होतील. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने ते ऑनलाईन मागवून पाठवलं आहे. वडील खुर्चीत बसून सगळं बघताहेत. त्यांची अट एकच, जुनी बटणं काढायची नाहीत.

"न्यूट्रल तर हाय," टेस्टर बाजूला ठेवत वायरमन म्हणतो, "पर कोन्या लाईनचा हाय ते बघावं लागतंय."

मग बराच वेळ त्या पांढऱ्या डबीला कोणी हात लावत नाही. मेन स्विच बंद-चालू होतो, इन्व्हर्टर बंद करून बघितला जातो, जिन्यातल्या बोर्डाचीही प्लेट उतरते. डबी बसवण्याचं काम त्यानंतर चहा निवायच्या आत उरकतं.

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी 'बदलतं घर' हा विषय दिला, तेव्हा मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंगवर पुष्कळ जण लिहितील असं वाटलं. दिवे लावण्या-मालवण्याची साधी क्रिया आमच्या मराठवाड्यात कशी बदलते आहे, ते बघायला मी नांदेड आणि लातूर या दोन शहरांत आणि थोडं आजूबाजूला फिरलो. वायरमनच्या मागे मागे फिरलो, असं म्हणणं जास्त खरं. कारण हा सगळा मामला पाकिटावर दिसतो त्यापेक्षा बोर्डाच्या मागे जास्त आहे.

मंद उजेडाला पैसे कशाला?

डिमर म्हणजे काय, हे साठीच्या पुढच्या माणसाला समजावून सांगताना एक अडचण येते. त्याला मंद उजेड चांगला माहीत असतो, आणि त्यापासून सुटका करून घेण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं असतं. कंदिलाची किल्ली फिरवून वात खाली घेणं हा आमच्याकडच्या घरांतला पहिला डिमर. तो रॉकेल वाचवण्यासाठी होता. त्यानंतर आला झिरोचा बल्ब. नाव झिरो, पण तो खाणार दहा-पंधरा वॉट. जुन्या चकतीच्या मीटरला तेवढा भार नीट कळत नसे म्हणून तो फुकटचा वाटायचा. आणि तिसरा मंद उजेड कोणी मागितलेला नव्हता. तो संध्याकाळी सातला, गावातल्या सगळ्या चक्क्या आणि मोटारी एकदम चालू झाल्या, की आपणहून यायचा.

साध्या तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर उजेड निम्म्याहूनही कमी होतो आणि रंग पिवळ्यावरून तांबूस होत जातो. त्यामुळे इंटेरियरवाल्याने हौसेने लावलेले 'वॉर्म' दिवे पाहून घरातले आजोबा हमखास विचारतात, "ओल्टेज कमी आहे का?" लातूरच्या दुकानदारांचा अनुभवही तोच. मागणी असते लख्ख पांढऱ्याची, ६५०० केल्व्हिनवाल्याची. ३००० केल्व्हिनचे पिवळसर दिवे खपतात ते नव्या बंगल्यांत, पीओपीच्या खाचेत लपवलेल्या पट्ट्यांसाठी. जे महावितरणच्या आधीच्या मंडळाने वर्षानुवर्षं फुकट दिलं, त्याला आता पैसे मोजायचे, हे पचायला वेळ लागणारच.

एलईडी आल्यावर व्होल्टेजचा हा खेळ डोळ्यांआड झाला. बल्बच्या बुडात बसलेला ड्रायव्हर वीज कमी-जास्त झाली तरी एलईडीला बराचसा सारखा प्रवाह पुरवतो. ५ जानेवारी २०१५ला केंद्राची 'उजाला' योजना सुरू झाली आणि तिच्यातून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. खेड्यातल्या शेवटच्या घरातही आता नऊ वॉटचा बल्ब असतो आणि तो व्होल्टेज कमी झाल्याची चुगली करत नाही.

पण जो बल्ब खालच्या व्होल्टेजला बधत नाही, तो डिमरलाही सहजासहजी बधत नाही. सगळी गंमत इथे सुरू होते.

शंभर वेळा कापलेली वीज

भिंतीतल्या बटणाच्या जागेत मावेल असा डिमर अमेरिकेत जोएल स्पिरा यांनी १९५९मध्ये तयार केला आणि दोन वर्षांनी ल्युट्रॉन ही कंपनी काढली. त्याआधी नाटकगृहांत दिवे मंद करायला मोठाले रोध वापरत. नको असलेली वीज ते उष्णतेत घालवून टाकत. आपल्याकडे याच जातीची वस्तू घरोघर होती, पंख्याचा तो जुना, काळा, वीतभर रेग्युलेटर. पंखा 'एक'वर ठेवला की तो कोमट व्हायचा, ते पंख्याने न खाल्लेल्या विजेमुळेच.

नव्या डिमरने वीज जाळायची सोडून कापायला सुरुवात केली. आपल्याकडचा विद्युतप्रवाह सेकंदाला पन्नास फेऱ्या करतो, म्हणजे शंभर वेळा शून्यावर येतो. दर वेळी शून्यावरून वर चढताना डिमर थोडा वेळ वाट अडवतो आणि मग सोडतो. जितका जास्त अडवेल तितका उजेड कमी. तारेचा बल्ब तापायला आणि निवायला वेळ घेतो, त्यामुळे ही कापाकापी त्याच्या उजेडात जाणवत नाही. एलईडीच्या ड्रायव्हरला मात्र असा अर्धवट छाटलेला प्रवाह मिळाला की तो गोंधळतो. बल्ब फडफडतो, गुणगुणतो, एका ठिकाणापर्यंत काहीच फरक दाखवत नाही आणि मग पटकन बंद पडतो. शिवाय जुन्या धाटणीच्या डिमरला चालण्यासाठी किमान काही भार लागतो. साठ वॉटच्या बल्बसाठी बनवलेल्या डिमरला नऊ वॉटचा एलईडी जोडला, तर डिमरला आपल्यापुढे काही आहे हेच नीट उमगत नाही.

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत काउंटरवर उभं राहिलं, की ही तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक भेटतंच. एका हातात डिमर, दुसऱ्या हातात बल्ब, आणि दोन्ही वस्तू चांगल्या. चूक फक्त त्यांची जोडी लावण्यात झालेली. बल्बच्या खोक्यावर 'डिमेबल' असं स्पष्ट छापलेलं नसेल तर तो डिमरवर लावायचा नाही, हा साधा नियम. पण तसे बल्ब महाग आणि लहान गावांतल्या दुकानांत क्वचित मिळतात, म्हणून दुकानदारही ठेवत नाही. हैदराबादच्या ट्रूप बाजारातून किंवा दिल्लीच्या भगीरथ पॅलेसमधून माल भरताना जे खपतं तेच भरलं जातं.

ज्यांना खरंच मंद उजेड हवा आहे, त्यांच्यासाठी जाणत्या वायरमनचा सल्ला वेगळाच असतो, भिंतीतल्या डिमरच्या नादी लागू नका. पीओपीतल्या एलईडी पट्टीला १२ किंवा २४ व्होल्टचा अडॅप्टर लागतोच. त्याच्या पुढे, म्हणजे डीसी बाजूला, छोटा कंट्रोलर लावा. तो पट्टी सेकंदाला शेकडो-हजारो वेळा बंद-चालू करून उजेड कमी करतो आणि फडफड दिसत नाही. नाहीतर सरळ स्मार्ट बल्ब घ्या, त्याच्या पोटात डिमर आहेच. मात्र तो भिंतीतल्या डिमरवर कधीच लावू नका. दोन कारभारी एका बल्बवर बसले की बल्बच आधी जातो.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. मोबाईलवर पट्टी सरकवून उजेड दहा टक्के केला, तरी डोळ्यांना तो जवळपास एक तृतीयांश वाटतो. डोळा अंधाराशी जुळवून घेतो. म्हणून रात्री बाथरूमला उठणाऱ्यासाठी दोन-तीन टक्केही पुष्कळ होतात, आणि त्यासाठी लागणारी वस्तू शंभर टक्क्यांवरच्या झगमगाटापेक्षा स्वस्त असते.

बटण बंद, बल्ब मुका

पहिल्यांदा घेणारे बहुतेक जण स्मार्ट बल्बच घेतात. जुना काढला, नवा लावला. वायरमन लागत नाही. चार दिवस घरात रंगांची उधळण होते, मुलं पंचवीस वेळा निळा-जांभळा करतात. मग रात्री झोपताना आई सवयीने भिंतीवरचं बटण बंद करते. बल्बची वीज तुटली, वायफायशी नातं तुटलं. सकाळी मोबाईल सांगतो 'डिव्हाइस ऑफलाईन'. त्यावर काहींनी बटणावर चिकटपट्टी लावून ठेवलेलीही पाहिली. जे बटण दाबायचं नाही ते भिंतीवर ठेवायचं, हा प्रकार एकत्र कुटुंबात टिकत नाही. पाहुणे येतात, कामवाल्या मावशी येतात, लाईट गेली की कोणीतरी चाचपडत तेच बटण दाबतं.

म्हणून इथे रुळते आहे ती दुसरी पद्धत. बल्ब साधाच, बटणही तेच, आणि बटणाच्या मागे रिलेचं मॉड्यूल. बटणाने लावला तरी चालतो, मोबाईलने बंद केला तरी चालतो. जिन्यातल्या टू-वे बटणासारखं, एक टोक हातात आणि दुसरं टोक फोनमध्ये. श्रीनगरच्या वडिलांची अट नेमकी हीच होती, आणि माझ्या मते ती या विषयातली सगळ्यात शहाणी अट आहे.

कोणाचा न्यूट्रल?

बल्बला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात, पण बटणाला फक्त फेज लागतो. तो तोडायचा आणि जोडायचा. मॉड्यूल मात्र स्वतःच एक छोटं यंत्र आहे. चोवीस तास वायफाय ऐकत बसायला त्याला स्वतःची वीज लागते, म्हणून बटणाच्या डबीत न्यूट्रलही लागतो. ज्या बोर्डावर पाच पिनांचं सॉकेट असतं तिथे तो बहुधा सापडतो. जिन्यात, पॅसेजमध्ये, बाथरूमच्या बाहेर, जिथे नुसती एक-दोन बटणं आहेत, तिथे नसतो. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलंही मिळतात. ती आपल्यापुरती वीज बल्बमधूनच चोरून घेतात. त्यामुळे बंद केलेला एलईडी रात्री अंधारात बारीक तेवत राहतो आणि घरात भुताच्या गप्पा सुरू होतात. बल्बच्या दोन टोकांवर लहानसा कपॅसिटर टाकला की भूत जातं. पाकिटात तो बहुधा दिलेलाही असतो, फक्त लावायचा राहतो.

तेवणाऱ्या बल्बचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जुन्या घरांत कुठेतरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेलं सापडतं. बटण बंद केल्यावर दिवा मालवतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच. आयटीआयच्या पहिल्या वर्गात शिकवतात की बटण फेजवरच हवं. तरी मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेल्या कोणी कधीतरी घाईत उलटं केलेलं असतं आणि बल्ब बदलताना झटका बसेपर्यंत ते कळत नाही.

आणि मग आपल्याकडची खास भर, इन्व्हर्टरची लाईन. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातल्या प्रत्येक ऐपतदार घराने इन्व्हर्टर घेतला. घर आधीच बांधलेलं, म्हणून वायरमनने प्रत्येक खोलीतला एक दिवा आणि एक पंखा वेगळा काढून नव्या वायरीवर टाकला. ती पिवळी वायर बहुधा हीच. फेज वेगळा ओढला, न्यूट्रल मात्र जवळ मिळेल तो जोडून दिला. साध्या बल्बला त्याने फरक पडत नाही. पण असा मिसळलेला न्यूट्रल असलेल्या घरात गळतीचा प्रवाह ओळखणारा आरसीसीबी बसवला की तो सारखा पडतो, आणि मॉड्यूलचा फेज एका लाईनचा अन् न्यूट्रल दुसऱ्या लाईनचा झाला तर लाईट गेल्यावर काय होईल याचा भरवसा राहत नाही. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाटेची वीज देतो, ती वेगळीच डोकेदुखी. पंख्याचा रेग्युलेटर घरघरतो आणि शून्य शोधणारा डिमर चाचपडतो.

सगळ्यात मोठी भीती डीपीवरचा, म्हणजे रोहित्रावरचा न्यूट्रल तुटण्याची. तेव्हा एका घरात दीडशे आणि शेजारच्या घरात साडेतीनशे व्होल्ट जाऊ शकतात. पूर्वी त्यात टीव्ही आणि फ्रीज जळायचा, आता भिंतीतलं प्रत्येक मॉड्यूल त्या ओळीत उभं आहे. जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारं संरक्षण मेन बोर्डात हवंच. सर्ज अरेस्टरही लावतात, पण त्याला चांगलं अर्थिंग लागतं आणि अर्थिंगला ओल लागते. मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतायला कोणाची छाती झाली असती? आजही नव्या बंगल्यात हजारोंचे दिवे लावणारे अर्थिंग तपासायला सांगत नाहीत, आणि सांगितल्याशिवाय कोणी तपासत नाही.

लाईट आल्यावर काय?

घरात आलेला हा प्रकार मराठवाड्याच्या शेतात कधीच येऊन गेला आहे. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते, त्यात रात्रीची पाळी असते. साप-विंचवाच्या भीतीत, चिखल तुडवत बटण दाबायला जायचं कोणी? त्यातून स्टार्टरला मोबाईल जोडण्याची युक्ती निघाली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'ला २००९मध्ये नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळालं. पुढे बाजारात सिमकार्डवाले अनेक स्टार्टर आले. फोन लावायचा, लाईन आहे की नाही ते समजून घ्यायचं, मोटार चालू करायची. ज्याला आज 'होम ऑटोमेशन' म्हणून विकतात ते काम निलंगा-देगलूरकडच्या शेतकऱ्याने साध्या बटणांच्या फोनवर केलेलं आहे. त्याला ते नवल वाटत नाही, त्याला ते पाणी वाटतं.

त्याच शेतात एक धडाही आहे. लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच अनेकांनी बसवला. वीज आल्या क्षणी एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, भार एकाएकी चढतो आणि रोहित्र जळतं. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वारंवार करतं.

घरातही प्रश्न तोच, आकार लहान. रात्री दोनला लाईट गेली आणि तीनला आली, तर स्मार्ट दिव्याने काय करायचं? बऱ्याच बल्बांचं कारखान्यातून आलेलं उत्तर असतं, पूर्ण उजेडात लागायचं. कारण बटणाने लावलेला दिवा लागलाच पाहिजे, हा त्यांचा हिशोब. ज्या शहरात वीज क्वचित जाते तिथे तो बरोबर आहे. आमच्याकडे वळवाच्या वादळात रात्री चारदा लाईट ये-जा करते, आणि बेडरूमचे दिवे चारदा डोळ्यांवर येतात. ॲपच्या पोटात खोलवर याची सेटिंग असते. 'बंद राहा' किंवा 'आधी होतं तसं राहा'. बसवून झाल्यावर वायरमनकडून पहिलं काम हे करून घ्यावं, मग मेन स्विच पाडून खात्री करावी. आणि राऊटर इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे ना, तेही तेव्हाच बघावं. नाहीतर लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवे चालू, वायफाय बंद, आणि मोबाईलमधलं सगळं शहाणपण खिशात.

लातूरच्या खोल्या

लातुरात मला डिमरची सगळ्यात जास्त गरज दिसली ती बंगल्यांत नाही, विद्यार्थ्यांच्या खोल्यांत. अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने दहावीनंतर इथे मुलं येतात, ट्यूशन एरियात दोघं-तिघं एका खोलीत राहतात. एकाला अकराला झोपायचं असतं, दुसऱ्याला दोनपर्यंत भौतिकशास्त्र. वर एकच ट्यूब, लख्ख. ती लागली तर एक जागा, मालवली तर दुसरा बाहेर पॅसेजमध्ये. दोनशे-तीनशे रुपयांचा चिमट्याचा दिवा हाच त्यांचा डिमर, आणि तो मुलांनी आपापला आणलेला.

घरमालकाने पैसे घातले आहेत ते सेन्सरमध्ये. जिना, पॅसेज, संडास-बाथरूम. माणूस आला की दिवा लागतो, गेला की बंद. विजेचं बिल मालक भरतो म्हणून हे सुचलं, यात लपवण्यासारखं काही नाही. पण हा सेन्सर काय बघतो, ते समजून घेण्यासारखं आहे. तो माणूस बघत नाही, अंगाच्या उष्णतेची हालचाल बघतो. भिंत आणि हवा अंगापेक्षा थंड असतात म्हणून हलणारं अंग त्याला उठून दिसतं. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला, पत्र्याखालचा पॅसेज तापला, की भिंत आणि माणूस यांच्यातला फरकच उरत नाही. तेव्हा सेन्सर आंधळा व्हायला लागतो. हात हलवा, उड्या मारा, तो जागचा ढिम्म. आणि अगदी स्थिर बसलेला माणूसही त्याला दिसत नाही. अभ्यासिकेत असे सेन्सर लावले तर मन लावून वाचणाऱ्यावर अंधार पडतो आणि चुळबुळणाऱ्याला उजेड मिळतो. लहरी सोडून हालचाल टिपणारे दुसऱ्या जातीचे सेन्सर उन्हाळ्यात चालतात, पण त्यांना पातळ पार्टिशनच्या पलीकडचंही दिसतं. पॅसेजमधून कोणी गेलं की बाथरूमचा दिवा लागतो. कुठे कोणता, हे ज्याने उन्हाळा डोक्यात ठेवून ठरवलं, त्याचंच काम टिकलेलं दिसतं.

मुलगा पुण्यात, आई औशात

खरी किंमत वसूल होताना दिसते ती वेगळ्या घरांत. औशाजवळचं एक जुनं घर. माळवद, हातभर-दीड हात जाडीच्या भिंती, आत देवळ्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यात दगड-मातीच्या अशाच जाड भिंती माणसांवर आल्या आणि त्यानंतर या भागात नवं बांधकाम बहुतेक विटा-सिमेंटचं झालं. तरी अशी घरं अजून आहेत. त्यांत वायरी केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून भिंतीवरूनच धावतात, ते कामाला सोपं. अवघड असतं वायफाय. दोन खोल्या ओलांडेपर्यंत त्या भिंती ते गिळून टाकतात. राऊटर ओसरीवर आणि मॉड्यूल माजघरात, तर दिवा कधी ऐकतो, कधी नाही. मधे दुसरा राऊटर ठेवावा लागतो, किंवा फोनचा नाद सोडून रिमोट वापरावा लागतो.

घरात पंचाहत्तरीच्या आई एकट्या. मुलाने पलंगाखाली एलईडीची पट्टी लावून घेतली आहे. रात्री पाय खाली टेकला की ती मंदशी लागते, बाथरूमच्या दारापर्यंत उजेडाची वाट दिसते आणि दोन मिनिटांनी मालवते. हे त्यांना पसंत आहे. म्हातारपणी रात्री पडून खुबा मोडणं म्हणजे काय, ते त्यांनी जावेच्या बाबतीत पाहिलं आहे. मुलाला आणखी एक सोय मिळाली आहे. सकाळी स्वयंपाकघराचा दिवा लागला की पुण्यात त्याच्या फोनवर दिसतं. आई उठली, बरी आहे. हे त्याने कौतुकाने सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, "म्हंजे माझ्या लाईटीवरनं माझ्यावर नजर ठेवायलास का?" त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवसापासून पहाटेचा चहा चुलीच्या उजेडात होऊ लागला, असं मुलगाच सांगतो. शेवटी तडजोड झाली. दिसू दे, पण फोन करून 'आज उशिरा का उठलीस' असं विचारायचं नाही.

बोलून दिवा लावायची सोय त्यांच्याकडे नाही. नांदेडच्या काही घरांत आहे, आणि तिथे मजा ऐकायला मिळते. फोनवरच्या गूगल असिस्टंटला २०१८पासून मराठी समजू लागली, पण टेबलावरच्या अलेक्साला २०१९पासून येते ती हिंदी. त्यामुळे घरभर मराठी आणि दिव्याशी मात्र नांदेडी हिंदी, "हॉल का लाईट बंद कर". दख्खनी वळणाची हिंदी इथे कोणाला परकी नाही, म्हणून आज्याही बिनधास्त हुकूम सोडतात. अलेक्सा कधी ऐकते, कधी क्षमा मागते.

चाव्या कोणाकडे?

या कामात अजून कोणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट म्हणजे खातं. मॉड्यूल चालवायला ॲप लागतं, ॲपला मोबाईल नंबर किंवा ईमेल लागतो. मालकांना ओटीपी-पासवर्ड जमत नाही, काम अडू नये म्हणून वायरमन स्वतःच्याच नंबरवर खातं उघडतो आणि मालकांच्या फोनला 'शेअर' करून देतो. त्याच्या मनात काही नसतं. पण त्या क्षणापासून घराचा दिवा त्याच्या फोनवर लागतो-विझतो. अशी अनेक घरं एकाच वायरमनच्या फोनमध्ये पाहिली, ओळीने नावं लावलेली. घरात कोण कधी उठतं, घर किती दिवस बंद आहे, सगळं त्यात. त्याने फोन बदलला किंवा तो गाव सोडून गेला, की मालकाला आपल्याच घराची सेटिंग बदलता येत नाही. खातं घरातल्या माणसाच्या नंबरवर, वायरमनला गरजेपुरता शेअर आणि काम झालं की काढून टाकलेला. ही पद्धत त्यालाही सोयीची आहे, कारण पुढच्या प्रत्येक बिघाडाचा फोन मग त्याला येत नाही.

त्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. वायरिंगचा दर पॉइंटवर ठरतो. न्यूट्रल शोधण्यात गेलेल्या वेळेचा पॉइंट होत नाही. गिऱ्हाईक वस्तू ऑनलाईन घेतो, त्यात वायरमनचं कमिशन बुडतं, आणि वर 'दहा मिनिटांचं तर काम' असं ऐकावं लागतं. पोरं हिंदी व्हिडिओ बघून शिकतात, चांगली शिकतात. पण जबाबदारी घेणारा परवानाधारक ठेकेदार अशा सुट्या कामावर फिरकत नाही.

बिलाचा हिशोब

वीज वाचते का? सरळ उत्तर, दिव्यांत नाही. नऊ वॉटचा बल्ब रोज पाच तास लावला तर वर्षाला सोळा युनिटच्या आसपास खातो. एक मॉड्यूल नुसतं ऐकत बसायला अर्धा ते एक वॉट घेतं. एक धरला तर वर्षाला पावणेनऊ युनिट. अशी दहा बसवली तर ८७ युनिट, म्हणजे पाच बल्बांच्या वर्षभराच्या उजेडाइतकी वीज नुसत्या वाट बघण्यात जाते. विसरलेला एखादा दिवा बंद करून ती भरून निघत नाही. खरी बचत पंख्यात आहे. जुना पंखा ७५ वॉट, नव्या बीएलडीसी मोटारीचा पंखा ३० वॉटच्या आसपास, आणि आमच्याकडे पंखा वर्षातले आठ महिने दिवसरात्र फिरतो. रोज पंधरा तास धरले तरी एका पंख्यामागे दीडशेहून जास्त युनिट वाचतात. फक्त नव्या पंख्याला जुन्या रेग्युलेटरवर ठेवू नका, तो काढून थेट जोडा. गती रिमोटवर बदलते.

तेव्हा बिल कमी होईल म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. घरात म्हातारं माणूस असेल, जिना अंधारा असेल, घर महिनोन् महिने बंद राहत असेल, तर जरूर घ्या, आणि मोजक्याच ठिकाणी लावा. आणि या दिवाळीनंतर कोणी घर बांधायला काढणार असाल तर मिस्त्रीला आत्ताच सांगून ठेवा. प्रत्येक बोर्डात, अगदी बाथरूमच्या एका बटणाच्या डबीतसुद्धा, न्यूट्रल सोडायचा. इन्व्हर्टरचा न्यूट्रल वेगळ्या खुणेने वेगळा ठेवायचा. आणि भिंतीतली डबी खोल घ्यायची. गिलाव्याआधी हे वायरीच्या खर्चात होतं. नंतर भिंत फोडावी लागते.